लॅब्रेडोर की गावठी?

घरात कोणता कुत्रा पाळावा, हा प्रश्न कोकणात एके काळी कोणालाच पडत नसे. कुत्रा पाळला जात नसे, तो असे. खळ्याच्या कडेला, मांगराच्या सावलीत किंवा मागील दारी तो पडून राही. उरलेली पेज आणि माशांची डोकी हा त्याचा आहार आणि रात्री अनोळखी पावलांवर भुंकणे हे त्याचे काम. त्याला कोणी निवडले नव्हते आणि त्यानेही बहुधा घर निवडले ते चुलीच्या वासावरूनच. आज परिस्थिती बदलली आहे. मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या भागांत चतुर्थीला येणाऱ्या मुंबईकर चाकरमान्याच्या गाडीतून मोदकांच्या साच्याबरोबर एखादे गुबगुबीत पिल्लूही उतरू लागले आहे. हे पिल्लू बहुतेक वेळा लॅब्रेडोरचे असते. त्याच घराच्या गडग्याबाहेर मात्र गावठी कुतरीची चार पिल्ले पावसात कुडकुडत असतात. एकासाठी हजारो रुपये मोजलेले असतात, तर दुसऱ्याला फुकटही कोणी घेत नाही. या दोहोंपैकी घरात कोणी यावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला, तरी त्याचा जरा गंभीरपणे विचार करावयास हवा.

याचे कारण उघड आहे. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो, कधी त्याहूनही अधिक. तेवढ्या काळात शिक्षकाची दोनदा बदली होते, शाळकरी मुलगा नोकरीस लागून पुण्या-मुंबईस जातो आणि साठीतले आई-वडील सत्तरी ओलांडतात. दहा वर्षांची बांधिलकी पत्करताना आपण एरव्ही दहा जणांचा सल्ला घेतो. कुत्र्याच्या बाबतीत एका छायाचित्रावर काम भागते. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात, जेथे चिरेबंदी घरे मोठी आणि माणसे दोनच अशी स्थिती वाडीवाडीत आढळते, तेथे या घाईची किंमत घरातील वृद्धांना आणि त्या मुक्या प्राण्याला मोजावी लागते.

दोन कुळांचा इतिहास

लॅब्रेडोर हा रूढ अर्थाने साहेबाचा कुत्रा समजला जातो. वस्तुतः त्याचे मूळ कुळ कोळ्यांचे आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंड बेटावर मासेमारांच्या पदरी जे पाण्यातले कुत्रे होते, त्यांच्यापासून ही जात निपजली. जाळ्याचे दोर तोंडात धरून किनाऱ्याकडे आणणे, जाळ्यातून निसटलेला मासा पकडणे ही त्यांची कामे. आपल्याकडील रापणीशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना या कुत्र्याची उपयुक्तता निराळी समजावून सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मासळीच्या व्यापारी गलबतांतून हे कुत्रे इंग्लंडातील पूल बंदरात उतरले. तेथील उमरावांनी त्यांना शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणावयास शिकविले, आणि १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबाने या जातीस मान्यता दिली. माणसाच्या हाताखाली काम करण्याची आवड, दुसऱ्यासाठी वस्तू अलगद तोंडात धरून आणण्याची सवय आणि परक्यांविषयीही मैत्रीची वृत्ती हे गुण या इतिहासातून आले. अंधांचा वाटाड्या म्हणून त्याची जगभर निवड होते ती याच गुणांमुळे.

गावठी कुत्र्याला असा लेखी इतिहास नाही. म्हणून आपण त्याला ‘जात नसलेला’ म्हणतो. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. कुत्र्यांच्या जातींची वंशावळी नोंदवून शुद्धता राखण्याची पद्धत फार जुनी नाही. इंग्लंडचा केनेल क्लब स्थापन झाला तो १८७३ मध्ये. उभे कान, आखूड केस, पाठीवर वळलेले शेपूट आणि तांबूस-पिवळा रंग असलेला आपला कुत्रा त्यापूर्वी शेकडो वर्षे गावाच्या वेशीवर होताच. अनेक देशांतील गावकुत्र्यांच्या आनुवंशिक घटकांचा एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. भारतातील गावकुत्र्यांत युरोपीय रक्ताची भेसळ अत्यल्प असल्याचे त्यात आढळून आले. म्हणजे गावठी कुत्रा हा जातिवंत कुत्र्यांच्या सरमिसळीतून उरलेला गाळ नसून, जाती घडविल्या जाण्याच्या आधीचे ते एक स्वतंत्र, जुने कुळ आहे. नळीत घातले तरी वाकडे राहणारे जे शेपूट आपण म्हणीत अमर करून ठेवले, ते याच कुळाचे लक्षण. टेंबे स्वामींच्या जन्माने पुनीत झालेले माणगाव याच जिल्ह्यातले. तेथे किंवा कोठेही दत्ताच्या तसबिरीसमोर हात जोडताना त्या चार कुत्र्यांकडे जरा निरखून पाहावे. त्यांच्यापैकी एकही वंशावळीचा दाखला मिरवणारा नाही.

हवापाण्याची कसोटी

इतिहास बाजूला ठेवून आता हवामानाकडे वळू. सिंधुदुर्गात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा विदर्भाइतका चढत नसला, तरी हवेतील दमटपणा अंग चिंबवून टाकतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे आणि त्या वाटे ओलावा उडवून अंग थंड करणे, हाच त्याचा मुख्य उपाय. आजूबाजूची हवाच बाष्पाने भरलेली असेल, तर तो ओलावा उडणार कसा? म्हणून देशावरील कोरड्या उन्हापेक्षा किनाऱ्यावरील दमट उकाडा भारी कुत्र्याला अधिक बाधतो. लॅब्रेडोरचा कोट दुहेरी असतो: वर तेलकट, पाणी न शिरणारे केस आणि खाली दाट लव. बर्फाळ पाण्यात पोहणाऱ्यासाठी ही उत्तम सोय. परंतु मे महिन्यातील मालवणात ते अंगावर घातलेले घोंगडे ठरते. सैबेरियातल्या बर्फासाठी घडलेला हस्की जे येथे आणतात, त्यांच्याविषयी तर न बोललेलेच बरे.

पावसाळ्यात दुसरी अडचण उभी राहते. दाट लव लवकर वाळत नाही, आणि ओल्या कातडीवर बुरशी व खरूज यांचे फावते. लोंबत्या कानाच्या आत ओल कोंडून राहते. तेथे पू होऊन कुत्रा महिनोन् महिने मान झटकीत बसतो. गावठी कुत्र्याचे कान उभे असल्याने त्यांत वारा खेळतो, आणि आखूड केस तासाभरात सुकतात. गोचिडांचा उपद्रव दोघांनाही होतो. पण विरळ केसांतला गोचीड हाताला लागतो, दाट लवेतला लपून राहतो. त्याच्यापासून कुत्र्याला होणारा गोचीडताप वेळीच ओळखला नाही, तर जीवघेणा ठरतो. २०१६ पासून दोडामार्ग भागात माकडतापाचा अनुभव घेतलेल्या जिल्ह्याला गोचिडाचे भय निराळे सांगण्याची गरज नसावी.

आहाराचीही गोष्ट आहे. पूर्ण वाढलेला लॅब्रेडोर पंचवीस ते पस्तीस किलोंचा, तर गावठी बहुधा पंधरा ते वीस किलोंचा. साहजिकच पहिल्याला दीडपटीहून अधिक अन्न लागते. त्यातून लॅब्रेडोरची भूक हा स्वतंत्र विषय आहे. केंब्रिज येथील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रेडोर कुत्र्यांत एका विशिष्ट जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना अन्नाची हाव व वजन अधिक असते. आपण कौतुकाने म्हणतो, ‘काही द्या, खातो.’ त्या ‘काही’मध्ये आंब्याची कोय, माशाचा गळ, वडे तळलेल्या तेलाचा बोळा हे सारे येते. आतड्यात अडकलेल्या कोयीसाठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तशी सोय आपल्या गावापासून किती अंतरावर आहे, हे पिल्लू आणण्यापूर्वीच विचारून ठेवलेले बरे. शिवाय स्थूल लॅब्रेडोरची कंबर आणि खुबे उतारवयात जातात. तीस किलोंच्या कुत्र्याला उचलून रिक्षात घालणे सत्तर वर्षांच्या गृहस्थाला जमणार आहे काय?

राखण कोणापासून?

‘राखणीला कुत्रा हवा’ असे आपण म्हणतो. राखण कोणापासून, हे मात्र ठरवीत नाही. चोरापासून म्हणावे, तर लॅब्रेडोर त्याच्यापुढेही शेपूट हलवील, असा अनुभव पुष्कळांना येतो. हा त्याचा दोष नव्हे. परक्याशी मैत्री करण्यासाठीच त्याला पिढ्यान् पिढ्या निवडले गेले. माकडांपासून म्हणावे, तर बांधलेल्या कुत्र्याच्या साखळीची लांबी माकडे दोन दिवसांत ओळखतात. नारळी-पोफळीच्या वाडीत सकाळ-संध्याकाळ फेरी घालणारा, हलका आणि चपळ कुत्राच तेथे उपयोगी पडतो. गावठी कुत्रा शंकेखोर आहे. आपले कोण, परके कोण आणि परके असूनही रोज येणारे कोण, याचा हिशेब तो पक्का ठेवतो. पोस्टमनला तो दुरूनच ओळखून गप्प राहील आणि नव्या माणसावर भुंकेल. एकाकी घरातील वृद्धांना नेमकी हीच राखण हवी असते.

परंतु या जिल्ह्यात राखणदारालाच राखावे लागते, हे विसरून चालणार नाही. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील बिबट्याच्या आहाराचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. बिबट्याच्या एकूण आहारात कुत्र्यांचा वाटा वजनाने ३९ टक्के भरला. अकोले आपल्यापासून दूर असले, तरी सह्याद्रीच्या कुशीतील कोणत्याही गावाला हे वर्तमान ओळखीचे वाटेल. रात्री खळ्यात साखळीला बांधलेला कुत्रा, मग तो लॅब्रेडोर असो वा गावठी, बिबट्याच्या पुढ्यात वाढून ठेवलेले ताट होय. मोकळा गावठी कदाचित पळेल, बांधलेला पळू शकत नाही. रात्री कुत्रा पडवीत, दार बंद करून ठेवावा. तेथूनही तो भुंकू शकतो, आणि त्याच्याकडून आपली अपेक्षा तेवढीच आहे.

देशी आणि स्थानिक

येथे कोणी म्हणेल, परदेशी नको तर मुधोळ घ्या. ती आपली जात आहे. मुधोळचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेली, मराठवाड्यात कारवानी म्हणून ओळखली जाणारी ही सडपातळ, वेगवान जात अभिमान वाटावा अशीच आहे. २००५ साली भारतीय डाक खात्याने तिच्यावर तिकीट काढले आणि पुढे लष्करानेही तिला प्रशिक्षण दिले. परंतु हा कुत्रा माळरानाचा. दूरवरचा ससा नजरेने टिपून त्याच्यामागे सुसाट धावणे हा त्याचा धर्म. चार गुंठ्यांच्या गडग्यात, फणसाच्या मुळांत आणि चिऱ्याच्या पायऱ्यांत त्याने धावायचे कोठे? पातळ कातडीच्या या प्राण्याला आपली चार महिन्यांची ओलही मानवणारी नाही. ‘देशी’ म्हणजे आपोआप ‘स्थानिक’ नव्हे. लातूरच्या मातीत जे योग्य, ते मालवणच्या रेतीत योग्य असेलच असे नाही. स्वदेशीचा अभिमान कुत्र्याच्या निवडीत उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते हवामानाचे भान.

काटकपणाची दुसरी बाजू

गावठी कुत्र्याच्या बाजूने इतके लिहिल्यावर त्याच्याविषयीचा एक भ्रम दूर करणे ओघानेच आले. ‘गावठीला काही होत नाही’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. पश्चिम बंगालमध्ये मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांचे निरीक्षण करण्यात आले, त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सात महिन्यांच्या वयापर्यंत केवळ १९ टक्के पिल्ले जगली. आणि बहुसंख्य मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. आपल्याला दिसतो तो काटक कुत्रा पाचांतला एक उरलेला असतो. बाकीचे चार आपण मोजीत नाही. म्हणून घरी आणलेल्या गावठी पिल्लालाही जंत, पार्व्हो, डिस्टेंपर यांपासून तेवढेच जपावे लागते. भातशेतीच्या या मुलखात लेप्टोस्पायरोसिसची लसही टाळू नये. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि नंतर दरवर्षी, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मनुष्य जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा होताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठणे, हे शाळेतील प्रत्येक मुलास पाढ्यांप्रमाणे पाठ असावे.

दुसरा प्रश्न मोकाटपणाचा. गावठी कुत्रा दिवसभर कोठे असतो, हे अनेक घरांना ठाऊक नसते. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे रेतीत अंडी घालतात. ती उबण्यास पन्नास दिवसांच्या आसपास लागतात, आणि एवढ्या अवधीत ती उकरून फस्त करणाऱ्यांत कोल्ह्याबरोबर आपला कुत्राही असतो. किनाऱ्यावरील स्वयंसेवक रात्री जागून घरटी राखतात, आणि आपण आपला कुत्रा एक रात्र आवरू शकत नाही, हे शोभादायक नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातून मोकाट कुत्री हटविण्याचा आदेश दिला. त्या आदेशावर मते काहीही असोत, शाळेच्या पटांगणातील कुत्रा कोठून येतो, हे शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. तो पुष्कळदा कोणाच्या तरी घरचाच असतो. जेवायला घरी आणि राहायला गावभर, अशी त्याची व्यवस्था आपणच लावून दिलेली असते.

तिसरा प्रश्न माद्यांचा. गावठी कुत्री बहुधा भादव्यात माजावर येतात. आपल्या बोलीने या गोष्टीची नोंद केव्हाच करून ठेवली आहे. सुमारे त्रेसष्ट दिवसांनी, कार्तिकाच्या सुमारास, गावोगाव पिल्ले दिसू लागतात. त्यांतले नर उचलले जातात, आणि माद्या पोत्यात घालून पलीकडच्या बाजारात किंवा खाडीपार सोडल्या जातात. १९६० च्या कायद्यानुसार प्राणी असा टाकून देणे हा गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा हिशेब महत्त्वाचा. टाकलेली प्रत्येक मादी दोन वर्षांत डझनभर पिल्ले घेऊन आपल्याच वेशीवर परतते. शस्त्रक्रिया करून घेतलेली गावठी मादी ही खरे तर सर्वांत घरबशी आणि सावध राखणदार असते. भादव्यात ती गाव पालथा घालीत नाही. जन्मलेले पिल्लू दोन महिन्यांचे होईपर्यंत आईजवळ राहिले आणि पौषाच्या सुमारास घरी आणले, तर मृगाच्या आत ते पुरेसे मोठे होऊन पहिला पावसाळा धडपणे काढते.

मग कोणी काय निवडावे?

लॅब्रेडोरची बाजू एकदमच टाकाऊ आहे, असे मात्र नव्हे. देवबाग-तारकर्लीच्या बाजूस ज्यांच्या घरी निवास-न्याहारीसाठी रोज नवे पाहुणे उतरतात, त्यांना परक्यांवर गुरगुरणारा कुत्रा परवडणार नाही; तेथे मवाळ लॅब्रेडोरच बरा. घरात दहा-बारा वर्षांची मुले, त्यांना पहाटे आणि संध्याकाळी कुत्र्याबरोबर मैलभर चालविणारा कोणी तरुण, उन्हाळ्यात लादीवर सावली आणि आजारपणासाठी राखून ठेवलेले पैसे एवढे असेल, तर लॅब्रेडोरसारखा सोबती मिळणे कठीण. मात्र पिल्लू आठ आठवड्यांहून लहान नसावे. त्याहून लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. त्याचे आई-बाप पाहावयास मिळावेत, आणि विक्रेता नोंदणीकृत असावा. भर रस्त्यात डिकी उघडून पिल्ले विकणाऱ्याशी व्यवहारच करू नये.

परंतु ज्या घरात साठी ओलांडलेली दोन माणसे, मागे वाडी, पुढे गडगा आणि तालुक्याचा पशुवैद्य काही कोसांवर आहे, त्या घराला गावठी कुत्राच योग्य. मुलांनी मुंबईहून पिल्लू पाठविण्याऐवजी गावातल्याच पिल्लाची लस, शस्त्रक्रिया आणि महिन्याचा खर्च पाठवावा. आई-वडिलांना त्याची सोबतही होईल आणि ओझेही होणार नाही. आणि ज्या शिक्षक-कारकून दांपत्याचे बिऱ्हाड कुडाळ-ओरोसच्या दोन खोल्यांत असून दोघेही दहा ते सहा बाहेर असतात, त्यांनी दोहोंपैकी एकही न पाळणे हाच विवेक. दिवसभर कोंडलेला लॅब्रेडोर दार कुरतडतो आणि कोंडलेला गावठी शेजाऱ्यांची झोप मोडतो. अशा घराने वाटेवरच्या एखाद्या कुत्र्याला लस टोचून घेण्याचा खर्च उचलला, तरी गावाचे आणि त्या कुत्र्याचे कल्याण होईल.

शेवटी, ‘कोणता कुत्रा?’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, पाच वर्षांनी या घरात संध्याकाळी दिवा लावायला कोण असेल? त्याचे उत्तर जो प्रामाणिकपणे देईल, त्याला दुसऱ्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागणार नाही. बहुतेक वेळा ते गडग्याबाहेरच, पाय पोटाशी घेऊन बसलेले आढळेल.